'प्रॉफेट'ला प्रश्न विचारला तर पाप लागतं का?

वाचकाचं पत्र

मी अहिल्यानगरची. आमचं घराणं चार पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. मोठा भाऊ पिंपरीला कंपनीत होता, गेल्या वर्षी त्यानं व्हीआरएस घेतली. तीन वर्षांपूर्वी त्यांची मंडळी, म्हणजे चर्च, फुटली. पाळकांशी (पास्टरशी) न पटलेली पंधरा-वीस घरं एका तरुणाच्या मागे बाहेर पडली. तो आधी उपासनेत गिटार वाजवायचा, मग 'ब्रदर' झाला, आता सगळे त्याला 'प्रॉफेट' म्हणतात. दादाच्या कमरेचं दुखणं त्यानं न सांगता ओळखलं, तेव्हापासून दादा-वहिनी त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. पुतण्याला डिसेंबरपर्यंत कॅनडाचा व्हिसा मिळेल अशी भविष्यवाणी झाली होती. व्हिसा नाकारला गेला. त्यावर प्रॉफेट म्हणाला, "घरातल्याच एका बाईच्या संशयानं आशीर्वाद अडवला." ती बाई म्हणजे मी. दादानं माझा फोन उचलणं बंद केलं. व्हीआरएसच्या पैशातली मोठी रक्कम 'बी' म्हणून पेरायचं, म्हणजे देव कैक पटींनी परत देईल या भरवशावर अर्पण करायचं चाललंय. सगळ्यात वाईट म्हणजे आई त्यांच्याकडे असते. "तू बरी झाली आहेस, आता सुई टोचणं म्हणजे अविश्वास" असं सांगितल्यापासून तिनं इन्सुलिन बंद केलंय, हे वहिनीच्या बोलण्यातून निसटलं. देव आजही बोलतो असं मी मानते. मग याला खोटा म्हणणारी मी कोण? 'अभिषिक्ताला (देवानं नेमलेल्याला) हात लावू नका' हे बायबलचं वचन मला सारखं पाठवलं जातं. पोलिसांत जावं, तर बाहेरचे लोक सगळ्याच ख्रिस्ती लोकांना धारेवर धरतील ही भीती. काय करू?

उत्तर

ताई,

तुमच्या पत्रात पाच-सहा प्रश्न एकात एक गुंतले आहेत. त्यातला एकच प्रश्न आज-उद्यात सुटला पाहिजे, तो आईच्या इन्सुलिनचा. देव कुणाशी बोलतो याचा निकाल सावकाश लागला तरी चालेल, साखर तेवढी वाट पाहत नाही. इन्सुलिन थांबवल्यावर माणूस काही दिवस ठीक दिसू शकतो, आणि अशा घरात नेमक्या त्याच दिवसांची साक्ष रविवारी माईकवर दिली जाते. मग तहान वाढते, लघवीला सारखं जावं लागतं, अंगातलं त्राण जातं. उलट्या सुरू झाल्या किंवा गुंगी दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, कुणाची परवानगी न घेता.

तेव्हा कुणाशीही न भांडता पिंपरीला जा. 'आईला भेटायला आले' एवढं कारण पुरे. पर्समध्ये ग्लुकोमीटर असू द्या. आकडा वाढलेला दिसला तरी जुना डोस आपल्या मनानं सुरू करू नका, तिच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावा आणि ते सांगतील तसं करा. आईपुढे प्रॉफेटचं नाव काढू नका. तिला हिज्कीया राजाची गोष्ट आठवते का विचारा. मरणाला टेकलेल्या राजाला 'तू बरा होशील' हा देवाचा निरोप यशया संदेष्ट्यानं (संदेष्टा म्हणजेच प्रॉफेट) दिला, आणि त्यानंतर लगेच अंजिरांची चकती आणवून गळवावर बांधायला लावली. निरोप देणाराही तोच आणि औषध सांगणाराही तोच. अंजीर लावणं हा अविश्वास आहे असं यशयाला वाटलं नाही. शिवाय येशूनं कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर काय सांगितलं? जा, स्वतःला याजकाला दाखव. म्हणजे बरं झाल्याची तपासणी करून घे. आईला म्हणा, तू बरी झाली असशील तर मशीनही तेच दाखवेल, रोज बघू. या वाक्याला विरोध करणं प्रॉफेटलाही जड जाईल.

आता तुमचा खरा प्रश्न: याला खोटा म्हणणारी मी कोण?

पौल प्रेषितानं थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलं त्यात 'संदेशांचा धिक्कार करू नका' आणि 'सर्व गोष्टींची पारख करा' ही दोन वाक्यं एकाला एक लागून येतात. करिंथच्या मंडळीला तो आणखी रोखठोक सांगतो की दोघा-तिघा संदेष्ट्यांनी बोलावं आणि इतरांनी पारख करावी. इतरांनी म्हणजे बाकावर बसलेल्यांनी, म्हणजे तुम्ही. देव आजही बोलतो असं मानणाऱ्यावरच ही जबाबदारी येते. जो मानतच नाही त्याला पारखायचं काय? बिरुया गावच्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणंही शास्त्राशी ताडून पाहिलं, आणि बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्याबद्दल त्यांना शाबासकी आहे. पौलाला चाललं ते पिंपरीच्या प्रॉफेटला चालायला हरकत नसावी.

'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे वचन १०५ व्या स्तोत्रातलं आहे. पुढच्या वेळी फोनवर ते आलं की आधीच्या चार ओळी उघडून वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे परमुलखात मूठभर संख्येनं भटकणारे अब्राहाम, इसहाक आणि याकोब, आणि ताकीद दिली आहे ती राजांना. म्हणजे दुबळ्यांना छळू नका असं बलवंतांना बजावणारं हे वचन आहे. माईक हातात असलेल्यानं ते एका बहिणीवर उगारावं, हे फारच झालं. शौल राजाही अभिषिक्त होता, म्हणून दावीदानं त्याच्या जिवाला हात लावला नाही. पण त्याच्या झग्याचा कापलेला काठ हातात धरून, दोघांच्याही माणसांदेखत, माझा जीव घ्यायला का टपला आहेस असा जाब त्याला विचारलाच. मारायचं नाही याचा अर्थ विचारायचं नाही असा होत नाही.

ही भानगड आजची नाहीच. 'डिडाखे' नावाची एक छोटी ग्रीक शिकवणपोथी आहे, ख्रिस्ती मंडळीच्या अगदी सुरुवातीच्या काळातली. ती काळाच्या ओघात हरवली होती, १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला एका जुन्या हस्तलिखितात सापडली आणि १८८३ मध्ये छापली गेली. तेव्हा गावोगाव फिरणारे प्रेषित आणि संदेष्टे असत आणि भोळ्या मंडळ्यांना त्यांचं काय करावं कळत नसे. पोथीतले नियम वाचताना मला हसू आवरत नाही, इतके ते अनुभवातून आलेले दिसतात. आलेल्या प्रेषिताला प्रभूसारखं स्वीकारा. एक दिवस राहू द्या, गरज पडली तर दुसराही. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकर द्या, पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला नावं ठेवू नका. आत्म्यात येऊन पंगत मांडायला सांगितली आणि स्वतःच त्या पंगतीत जेवला, तर तोही खोटा! आत्म्यात बोलणाऱ्याला मध्येच आडवं जाऊन पारखू नका असंही त्यात आहे, म्हणजे तुमच्या दादाचा मुद्दा तेव्हाही ठाऊक होता. पण पुढचंच वाक्य सांगतं की आत्म्यात बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नसतो, त्याची चाल प्रभूची असेल तरच. बोलण्याला हात लावू नका, वागण्यावर नजर ठेवा, असा तो हिशेब आहे.

फुटून निघालेल्या लहान मंडळ्यांतच हे प्रॉफेट इतके का उगवतात, याचाही विचार करा, कारण दादाचं कोडं तिथं सुटेल. जुन्या मंडळीत पाळकाच्या मागे काहीतरी असतं: शिक्षण, दीक्षा, बिशप किंवा कमिटी, हिशेबाची वही, बदली. त्यातलं बरंचसं कंटाळवाणं असतं आणि काही वेळा किडलेलंही. माणसं वैतागून बाहेर पडतात ती उगीच नाही. पण बाहेर पडल्यावर पंधरा-वीस घरांपुढे दुसऱ्याच रविवारी प्रश्न येतो की आम्ही बरोबर आणि ते चूक, हे कशावरून? सेमिनरीचा कागद नाही, इतिहास नाही, इमारत नाही. मग एकच उत्तर उरतं, 'देवानं आमच्याशी थेट बोलणं केलं.' म्हणजे प्रॉफेट नुसता स्वतःहून उभा राहत नाही. फुटलेल्या गटाला त्याची गरज असते. गिटार वाजवणाऱ्या पोराला त्या घरांनी मिळून प्रॉफेट केलंय, आणि दादा त्या करणाऱ्यांपैकी एक आहे. त्याला खोटं म्हणणं म्हणजे 'जुनी मंडळी सोडून तू चुकलास' असं दादाला सांगणं होतं. म्हणून तो इतका चिडतो.

याचं ठसठशीत उदाहरण अमेरिकेत आहे. हर्बर्ट आर्मस्ट्राँग यांनी १९३४ मध्ये ऑरेगनमध्ये रेडिओवरून सुरू केलेली मंडळी पुढे 'वर्ल्डवाइड चर्च ऑफ गॉड' या नावानं जगभर पसरली. जगाच्या शेवटाबद्दलचे आर्मस्ट्राँग यांचे स्वतःचे अंदाजही फसले होते. ते जानेवारी १९८६ मध्ये गेले. त्यांच्यानंतरच्या पुढाऱ्यांनी शिकवण बदलायला घेतली आणि नव्वदच्या दशकात त्या मंडळीच्या चिरफळ्या उडाल्या. खरा वारस आपणच, असं प्रत्येक तुकड्याला सिद्ध करायचं होतं. ओक्लाहोमातल्या एका तुकड्याचा प्रमुख जेराल्ड फ्लरी स्वतःला योहानाच्या शुभवर्तमानातला 'तो संदेष्टा' म्हणवू लागला. रोनाल्ड वाइनलँड नावाच्या दुसऱ्यानं आपण बायबलच्या शेवटच्या 'प्रकटीकरण' या पुस्तकातल्या दोन साक्षीदारांपैकी एक असल्याचं जाहीर केलं, आणि दुसरा साक्षीदार म्हणून बायकोचं नाव सांगितलं. ख्रिस्त २७ मे २०१२ ला परत येईल असं त्यानं सांगितलं होतं. तो दिवस गेला. मग तारीख १९ मे २०१३ झाली. तीही गेली. मधल्या काळात, २०१२ मध्येच, कर चुकवल्याबद्दल न्यायालयानं त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा दिली. गट तरीही शिल्लक राहिला.

हे 'तरीही' समजून घेतल्याशिवाय दादाशी बोलायला जाऊ नका. भविष्यवाणी चुकली की माणसं आपोआप उठून घरी जातील असं बाहेरच्याला वाटतं. आतल्याला ते परवडत नाही. त्यानं नातलग तोडलेले असतात, पैसे दिलेले असतात, चार लोकांत छाती ठोकलेली असते. आणि कधी कधी चूक कबूल करणारा प्रॉफेटच लोकांना नको असतो. २०२० च्या अमेरिकन निवडणुकीत ट्रम्प पुन्हा निवडून येतील अशी भविष्यवाणी तिथल्या अनेक प्रॉफेटांनी देवाच्या नावानं केली होती. निकाल उलटा लागला. त्यातल्या जेरेमाया जॉन्सन यांनी जानेवारी २०२१ मध्ये 'मी चुकलो' अशी जाहीर माफी मागितली. त्यावर त्यांना शिव्याशापांचा आणि ठार मारण्याच्या धमक्यांचा भडिमार सोसावा लागला, आणि तोही स्वतःला विश्वासी म्हणवणाऱ्यांकडून.

माझ्या मते संदेष्ट्याची खरी कसोटी भविष्यवाणी चुकण्याच्या दिवशी लागते. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायाचा निकष तर सरळ आहे: परमेश्वराच्या नावानं बोललेलं घडलं नाही, तर ते परमेश्वराचं नव्हतं, तो उद्धटपणे बोलला, त्याला भिऊ नको. तुमच्याकडे काय झालं बघा. व्हिसा आला नाही, तेव्हा प्रॉफेटनं 'माझं ऐकण्यात चुकलं' असं म्हटलं नाही. त्यानं ठपका ठेवायला घरातली एक बाई शोधली, तीही अशी की जी त्याच्या सभेला येत नाही आणि तिथं उठून उत्तर देऊ शकत नाही. त्या एका वाक्यात त्यानं तीन कामं उरकली. स्वतःची चूक झाकली, दादाला तुमच्यापासून तोडलं आणि इतर घरांना संशयाची किंमत दाखवून दिली. मला त्याच्याबद्दल दुसरं काही कळलं नसतं तरी एवढ्यावरून मी माझा माणूस तिथून हलवायच्या खटपटीला लागले असते.

यावर दादा योनाचं नाव काढेल. निनवे शहराचा नाश होईल असं योना संदेष्ट्यानं सांगितलेलं तरी कुठं घडलं? खरंय, घडलं नाही. कारण निनवेकरांनी पश्चात्ताप केला आणि देवाला दया आली. तिथं न घडणं ही लोकांसाठी चांगली बातमी होती आणि तोंड पाडून बसला तो संदेष्टा. तुमच्या घरी न घडल्याचा दंड लोकांना बसलाय आणि संदेष्टा मजेत आहे.

कमरेच्या दुखण्याचं काय? त्या एका प्रसंगावर दादाचा सगळा डोलारा उभा आहे, म्हणून तो हलक्यानं घेऊ नका. पन्नाशी उलटलेल्या, कारखान्यात उभ्यानं नोकरी केलेल्या माणसाची कमर दुखते हे ओळखायला फार आत्मा लागत नाही, पण तेही सोडा. अमेरिकेत पीटर पॉपॉफ नावाचा प्रचारक भर सभेत अनोळखी लोकांची नावं, पत्ते, आजार धडाधड सांगायचा. १९८६ मध्ये जेम्स रँडी या जादूगारानं आणि त्याच्या सोबत्यांनी रेडिओ रिसीव्हर लावून पाहिलं, तर ३९.१७ मेगाहर्ट्झवर 'देवाचा आवाज' स्पष्ट ऐकू आला. तो पॉपॉफच्या बायकोचा होता. सभेआधी लोकांनी भरून दिलेली प्रार्थनेची कार्डं ती मागच्या बाजूनं वाचत होती आणि पॉपॉफच्या कानात छोटं यंत्र होतं. त्याची ही लबाडी टीव्हीवर दाखवली गेली, १९८७ मध्ये त्यानं दिवाळं काढलं, आणि पुढे तोच माणूस टीव्हीवर चमत्काराचं पाणी वाटत परत आला.

पिंपरीत कानात यंत्र असेल असं मी म्हणत नाही. त्याची गरजच नाही. वहिनी प्रार्थना-विनंत्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आहेत का बघा. 'यांच्या कमरेसाठी प्रार्थना करा' असा मेसेज त्यांनी किंवा शेजारच्या सिस्टरनं कधी टाकला होता का, हे वहिनीच सांगू शकतील. आणि लबाडी नसेलही. पंधरा घरांत रोज ऊठबस असणाऱ्या पोराच्या कानावर सगळ्यांची दुखणी पडतच असतात, आणि ऐकलेलं कुठं संपलं नि सुचलेलं कुठं सुरू झालं हे त्याचं त्यालाही कळत नसेल. स्वतःला फसवणारे प्रॉफेट दुसऱ्याला फसवणाऱ्यांपेक्षा संख्येनं जास्त असावेत असा माझा अंदाज आहे. आईच्या साखरेला त्यानं काही फरक पडत नाही.

पैशाच्या बाबतीत एक कोरियन प्रकरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. ली जांग-रिम या सोलच्या प्रचारकानं २८ ऑक्टोबर १९९२ ला विश्वासणारे स्वर्गात उचलले जातील असं सांगितलं होतं. हजारो लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरदार विकून पैसे दिले. तारखेच्या महिनाभर आधी त्याला फसवणुकीसाठी अटक झाली, तेव्हा त्याच्याकडे असे बॉण्ड निघाले ज्यांची मुदत पुढच्या वर्षी मे महिन्यात संपणार होती. लोकांना ऑक्टोबर, स्वतःला मे! माणूस काय बोलतो आणि पैसे कुठं ठेवतो, या दोन्ही गोष्टी शेजारी मांडून बघायच्या त्या यासाठी.

दादाच्या बाबतीत हे काम सोपं आहे. अर्पणासाठी जो क्यूआर कोड लावलाय तो स्कॅन केल्यावर नाव कुणाचं येतं? मंडळीच्या ट्रस्टचं की प्रॉफेटचं किंवा त्याच्या बायकोचं? ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी क्रमांक असतो, दर वर्षी लेखापरीक्षण व्हावं लागतं, आणि दिलेल्या पैशाची पावती मिळते. अलीशा संदेष्ट्यानं नामान सेनापतीचं सोनं-चांदी घेतलं नव्हतं, आणि नामानाच्या मागून धावत जाऊन चांदी मागणाऱ्या आपल्या चाकराला, गेहजीला, कोड फुटलं. ही गोष्ट दादाला रविवारच्या शाळेपासून पाठ असणार. त्याच्याशी पैशावरून वाद घालू नका. एकच विनंती करा: व्हीआरएसच्या रकमेतला काही भाग आईच्या औषधपाण्यासाठी आणि पोराच्या शिक्षणासाठी आधी फिक्स्ड डिपॉझिटमध्ये बांधून टाक, मग उरलेल्यातून द्यायचं ते दे. देवाचा निरोप असेल तर तो आठवडाभर थांबतो. आजच रात्री, बारा वाजायच्या आत, अशी घाई ऑफरवाल्यांना असते.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं मांडते, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी जुन्या मंडळ्यांची वकिली करतेय. बाहेर पडणं हा काही गुन्हा नाही. तुमच्याच नगरशी ज्यांचं नाव जोडलंय त्या नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडलं आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मात्र बाहेर पडताना त्यांनी मिशनचा पगार सोडला, लोकांचा प्रॉव्हिडंट फंड मागितला नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली प्रार्थनेची जी लाट आली तीही विलक्षण होती, मुली रात्र-रात्र रडत, मोठ्यानं प्रार्थना करत. त्या लाटेआधी पंडिता रमाबाई जे करत होत्या तेच त्या नंतरही करत राहिल्या: निराधार बायका-मुलींना सांभाळणं, शिकवणं, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर, जे त्यांनी १९२२ मध्ये मरेपर्यंत सोडलं नाही. तेव्हा आपल्या मातीला संचार आणि बंड दोन्ही ठाऊक आहेत. पिंपरीच्या हॉलमध्ये तसलं काही दिसलं तर मला आनंदच होईल. उपाशी कोण जेवलं, कुणाच्या पोरीची फी भरली गेली, हे दादाला सहज म्हणून विचारा.

आता दादाशी बोलायचं कसं. यिर्मयाच्या २८ व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल आणि लुटून नेलेली पात्रं परत येतील. यिर्मयाला माहीत आहे की हे खरं नाही. तो काय म्हणतो? 'आमेन! परमेश्वर तसंच करो.' म्हणजे तुझं खरं झालं तर मलाही हवंच आहे. पुढं एवढंच जोडतो की शांतीचा संदेश देणारा खरा की खोटा, हे तो शब्द घडून आल्यावर कळेल. बाबेलच्या गुलामीची खूण म्हणून यिर्मयानं मानेवर घेतलेलं लाकडी जू हनन्या चिडून काढून मोडतो, आणि यिर्मया काही न बोलता निघून जातो. खरा संदेष्टा भर सभेत अपमान गिळून चालता झाला! उत्तर त्यानं नंतर दिलं, तयारी झाल्यावर.

तुम्हीही 'आमेन' पासून सुरुवात करा. पोराला व्हिसा मिळावा, आई बरी व्हावी, हे तुम्हालाही हवंय आणि दादाला ते तुमच्या तोंडून ऐकू दे. 'खोटा संदेष्टा', 'कल्ट', 'भोंदू' यातला एकही शब्द उच्चारू नका. तो उच्चारलात की दादा प्रॉफेटच्या बचावाला उभा राहील आणि आईचा विषय मागे पडेल. केनियातल्या शाकाहोला जंगलात २०२३ मध्ये एका प्रचारकाच्या उपासमारीच्या शिकवणीपायी चारशेहून अधिक माणसं मेलेली सापडली, तसल्या बातम्याही त्याला पाठवू नका. 'आमचा तसा नाही' म्हणून तो त्या पुसून टाकेल आणि त्याचं म्हणणं आजघडीला खरंही असेल. त्यापेक्षा एक वही भेट द्या. पुढची प्रत्येक भविष्यवाणी ज्या दिवशी झाली त्या दिवशी, त्याच शब्दांत, तारीख घालून त्यानं लिहून ठेवावी. वर्षभरानं तो स्वतःच वाचेल. तोंडी भविष्यवाणीचे शब्द मागाहून सरकवता येतात, शाईनं लिहिलेले तितके सहज सरकत नाहीत. प्रॉफेटनं वही ठेवायला मनाई केली, तर दादाला तेही कळू दे.

घरात तुमचा खरा सोबती पुतण्या असू शकतो. नकार त्याच्या अर्जाला मिळालाय, आणि त्याबद्दल आत्याला शिक्षा झालेली तो बघतोय. कॅनडाच्या नकाराच्या पत्रात कारण लिहिलेलं असतं: पैशाची सोय पुरेशी दिसत नाही, शिक्षण संपल्यावर परत जाल याची खात्री पटत नाही, असलं काही. त्यात आत्याचा संशय हे कारण नसतं. ते पत्र घेऊन त्याच्याबरोबर एकदा शांतपणे बसा आणि पुन्हा अर्ज कसा करायचा ते बघा.

पोलिसांत जावं की नाही, या तुमच्या शेवटच्या प्रश्नावर. आपल्या लोकांना वाटणारी भीती पोकळ नाही. आजच्या वातावरणात एका हॉलमधली तक्रार सगळ्या समाजाविरुद्ध वापरली जाऊ शकते, हे मी नाकारणार नाही. पण गप्प राहिल्यानं समाज वाचतो यावर माझा विश्वास नाही. पंजाबात स्वतःला 'प्रॉफेट' म्हणवणाऱ्या बजिंदर सिंगला मोहालीच्या न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये बलात्काराच्या खटल्यात जन्मठेप सुनावली. तक्रार २०१८ ची होती. मधली सात वर्षं त्याच्या सभा भरतच होत्या.

तुमच्याकडे प्रकरण त्या थराला गेलेलं नाही, म्हणून पायऱ्या घ्या. आधी घरातलं एखादं वडीलधारं माणूस आणि दादा मानत असेल असा एखादा पाळक गाठा. ज्यांच्याशी भांडून ते बाहेर पडले ते जुने पाळक यात नकोत, त्यांचं नाव ऐकताच दार बंद होईल. आईचं औषध पुन्हा बंद पाडलं गेलं किंवा धमकावून पैसे काढले जायला लागले, तर मग थांबू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. तो कुठल्या एका धर्माविरुद्ध नाही आणि प्रार्थनेलाही त्याची आडकाठी नाही. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे कमावणं, लोकांना फसवणं, दहशत बसवणं हे त्यात गुन्हे आहेत आणि त्याखाली सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार ऐकायला पोलिसांत दक्षता अधिकारी नेमलेला असतो. तिथं जाल तेव्हा 'आमच्या मंडळीत' असं म्हणू नका. माणसाचं नाव, तारीख, त्यानं आईला काय सांगितलं आणि त्यानंतर साखर किती झाली, एवढंच सांगा. त्यासाठी आत्तापासून मेसेजचे स्क्रीनशॉट, पैसे गेल्याच्या नोंदी आणि आईचे लॅबचे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावायला घ्या. ती फाइल पिंपरीत नको, नगरला तुमच्या कपाटात असू द्या.